उमर झाली की आजार झाला?

आमच्या कवठे महांकाळात साठी उलटलेल्या कुणालाही तब्येत विचारा, उत्तर ठरलेले असते. मराठीत "आता वय झालं", घरच्या बोलीत "अब उमर हुई ना, ऐसाच चलनेवाला". गुडघा दुखला, वय. पायाला मुंग्या आल्या, वय. रात्री चार वेळा उठावे लागले, तेही वयच. पंधरा-पंधरा वर्षे शुगर आणि बीपीच्या गोळ्या घेणारी ही माणसे, पण आजाराचे नाव कुणी घेत नाही.

आपले म्हातारपण माणसाला कसे दिसते, हे मोजायचे प्रयत्न जगात झाले आहेत. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या एका लहान गावात पन्नाशी ओलांडलेल्या ६६० जणांना त्याबद्दल विचारले गेले. पुढे वीसेक वर्षांच्या नोंदी पाहून बेका लेवी यांनी २००२ मध्ये दाखवले की, वाढत्या वयाकडे चांगल्या नजरेने पाहणारे लोक इतरांपेक्षा साधारण साडेसात वर्षे जास्त जगले. २००७ मध्ये आयर्लंडच्या संशोधकांनी यासाठी ३२ विधानांची प्रश्नावली बनवली. प्रत्येक विधानापुढे "अगदी मान्य" पासून "अजिबात मान्य नाही" पर्यंत पाच पायऱ्या. माझी एक जुनी विद्यार्थिनी नर्सिंग शिकते. ती ही प्रश्नावली घेऊन आली आणि म्हणाली, "बाई, आपल्या घरातल्या बुजुर्गांना कळेल अशा भाषेत करून द्या."

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे काम सोपे वाटले होते. पण पहिल्याच शब्दाला अडले. म्हाताऱ्या माणसाला उर्दूत अदबीने 'ज़ईफ़' म्हणतात, आणि ज़ईफ़चा मूळ अर्थच कमजोर. "ज़ईफ़ी में आदमी कमज़ोर हो जाता है, मान्य आहे का?" असे विचारले तर उत्तर प्रश्नातच आले! मराठीतला 'वृद्ध' मात्र 'वाढणे' या अर्थाच्या धातूतून आलेला, आणि 'बुज़ुर्ग' म्हणजे थोर, मोठा. एकाच आजीला तीन शब्दांत विचारा, तीन उत्तरे मिळतील. शेवटी मी "उमर बढ़ना" एवढेच ठेवले.

दुसरी अडचण मोठी होती. म्हातारपणाचा आपल्या जगण्यावर काय परिणाम होईल ते आपल्याच हातात आहे, अशा अर्थाची काही विधाने त्यात आहेत. आपली माणसे ते ऐकताच कानाला हात लावतात, "तौबा, सब अल्लाह के हाथ में." कागदावर याची नोंद होणार की या व्यक्तीला काहीच आपल्या हातात वाटत नाही. आणि तीच व्यक्ती फजरनंतर रोज स्टेशनच्या रस्त्याने चालून येते, गोळी कधी चुकवत नाही. ही निराशा नव्हे, हा तवक्कुल आहे. दोन्हींची खूण एकाच चौकटीत पडत असेल, तर तो मोजपट्टीचा दोष म्हणावा लागेल. ह. ज़करिया (अ.स.) यांची सूरह मरयममधली दुआ आठवा. हाडे कमजोर झाली, डोके पांढरे झाले, हे ते आधी सांगतात आणि लगेच म्हणतात की तुझ्याकडे मागून मी कधी निराश झालो नाही. पाच पायऱ्यांत हे कुठे बसवायचे?

तरीही या प्रश्नावलीचा एक भाग मला फार आवडला. त्यात तब्येतीतल्या १७ बदलांची यादी आहे. झोप, सांधे, तोल, नजर, ऐकणे, श्वास, पाय, उदासी वगैरे. प्रत्येकापुढे दोन प्रश्न. हा बदल तुम्हाला झाला का? झाला असेल तर तो केवळ वयामुळे झाला असे वाटते का?

भाषा जमली का ते पाहण्यासाठी हा भाग मी माझ्या खालाला वाचून दाखवला. वय ६८, शुगरला चौदा वर्षे झाली. हंगामात ती अजूनही बेदाणा निवडायला शेडवर जाते. सतरापैकी अकरा बदल तिला झाले होते, आणि अकराच्या अकरा तिने वयाच्या खात्यात टाकले. "पाय" आल्यावर सहज म्हणाली, "तळव्याला काही कळतच नाही, चप्पल निसटली तरी समजत नाही." डॉक्टरांना सांगितलेस का? "उमर की बात डॉक्टर को क्या बोलना?"

तिचा मोजा काढून पाहिला, तर अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम होती. दुखतच नव्हती, म्हणून तिला पत्ताच नव्हता. मिरजेला नेले. डॉक्टरांनी नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवत "लागतंय का" असे विचारले. बऱ्याच जागी तिला लागले नाही. शुगरने नसा गेल्या होत्या. जखम भरायला अडीच महिने लागले, पण अंगठा वाचला. गुडघ्याबद्दल मात्र डॉक्टर हसून म्हणाले, "हे वयाचंच आहे, आजी."

अबू दाऊद आणि तिर्मिज़ीमध्ये हदीस आहे. गावाकडचे काही लोक प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारतात, आम्ही औषधोपचार करावा का? पैगंबर (स.) करा म्हणून सांगतात, कारण अल्लाहने प्रत्येक आजाराला इलाज दिला आहे, फक्त म्हातारपण सोडून. खालाला ही हदीस तोंडपाठ होती. "इलाज नाही" हे ती नेहमी सांगायची. पण त्या हदीसमध्ये बाकीचे सगळे आजार एकीकडे आणि म्हातारपण दुसरीकडे ठेवले आहे, हे मी तिला जखमेला पट्टी बांधताना दाखवले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तो काग़ज़ ला परत."

आम्ही पुन्हा बसलो. गुडघा आणि ऐकू कमी येणे वयात राहिले. पाय आजारात गेले. रात्रीचे उठणे तिने बराच विचार करून आजारात टाकले. नजरेपाशी अडली, "दोन्ही असेल तर?" तशी चौकट कागदावर नव्हती. मी पेन्सिलीने काढून दिली. पुढच्या गुरुवारी डोळ्यांचा पडदा तपासायला मिरजेला जायचे आहे, आणि तो कागद तिने आत्ताच पिशवीत घालून ठेवला आहे.