कंपाउंडवरचा पाहुणा

परवा दिवाळीला पुण्याहून भंडाऱ्याला गेलो, तर बाबा सकाळीच कंपाउंडच्या भिंतीकडे बघत बसलेले. "आला पहा तुझा दोस्त!"

थिरथिरा. अंग काळं, पोट तांबूस, आणि शेपटी सारखी थरथरतेय... नाव अगदी शोभतं. जेमतेम 15 ग्रॅमचा जीव, उन्हाळ्यात हिमालय-तिबेटकडे घरटं करतो आणि थंडीत आमच्या गल्लीत येतो. कशाला? तर बाजूच्या मोकळ्या प्लॉटवरचे किडे-मुंग्या खायला! तलावांच्या या जिल्ह्यात लोक पहाटे गाड्या काढून पट्टकदंब बघायला जातात. जरूर जावं. पण हे महाशय दारात येतात, तेही फुकट.

चहा घेताना कालनिर्णयवर नजर गेली. मार्चअखेर बाबांच्या अक्षरात 'गेला', 14 ऑक्टोबरला 'आला'. त्याच पानांवर माझ्याही खुणा होत्या. आला, गेला. दोन्हींत चार दिवसांचं अंतर.

"हा बारका तरी पाच महिने राहते इथं," बाबा म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं.

मी काहीच बोललो नाही. बाजूच्या प्लॉटवर विटा येऊन पडल्यात, तेवढं मात्र दिसलं.