गड्ड्याची थंडी

जानेवारीतल्या गारठ्याला सोलापुरात, सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेवरून, गड्ड्याची थंडी म्हणतात. दुपारी पारा तिशीला टेकतो, पहाटे पंधराच्या आसपास उतरतो, एखाद्या वर्षी दहापर्यंतही येतो. हवा मात्र कोरडी ठाक. म्हणून इथली थंडी टाचा धरते. कातडी उलते, भेगा पडतात, चालताना रक्त येतं.

*

बोटं धरणारी थंडी निराळी. काश्मीर-हिमाचलात किंवा विलायतेतल्या ओल्या गारठ्यात पायाची बोटं, कान, नाकाचा शेंडा लाल-जांभळे होतात, सुजतात, त्यांची आग होते, खाज सुटते. डॉक्टर याला चिलब्लेन्स म्हणतात. त्याला बर्फच लागतो असं नाही, शून्याच्या वरची दमट थंडीही पुरते. गारठ्याने कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. अशा वेळी पाय शेकोटीपुढे धरले की रक्त एकदम धावून येतं, त्या वाहिन्यांना ते झेपत नाही आणि आसपास पाझरून सूज येते. म्हणून गारठलेला पाय विस्तवापुढे धरू नये, गरम पाण्याच्या पिशवीवरही ठेवू नये. कोरडा पुसावा, लोकरी मोज्यात घालावा, ऊब हळूहळू येऊ द्यावी. कितीही खाज सुटली तरी खाजवू नये. बहुधा दोन-तीन आठवड्यांत बरं होतं. फोड फुटले, पू झाला, तर डॉक्टरांकडे जावं.

*

लेक इंग्लंडला शिकायला निघाली की सोलापूरची आई बॅगेत चादर घालतेच. जरूर घालावी. पण चादर सुती, आणि मोजेही सुतीच दिले तर ते भिजले की पाय गार पडतात. लोकरीचे मोजे द्यावेत आणि ते घालून बोटं हलतील एवढा सैल बूट. घट्ट बुटात रक्त फिरत नाही.

*

थंडी म्हटलं की मला डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९१०चा जन्म, सोलापूरचा. १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखात, पारा शून्याच्या खूप खाली जाणाऱ्या हिवाळ्यांत, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले. ९ डिसेंबर १९४२ला तिथेच गेले, बत्तिसाव्या वर्षी. आमच्या उन्हात वाढलेल्या त्या देहाने काय सोसलं असेल!

*

सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत, अक्षता सोहळ्याच्या आदल्या दिवशी, ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो. पांढरी बाराबंदी घातलेले भक्त उंच नंदीध्वज पेलत अनवाणी शहरभर फिरतात. सकाळी रस्ता गार, दुपारी डांबर तापलेलं, वर खडी. टाचेला आधीच भेग असेल तर एवढ्या चालण्यात ती खोल जाते आणि धूळ आत शिरते. तयारी पंधरा दिवस आधीपासून हवी. रात्री कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय, वज्रीने हलक्या हाताने घासणं, पुसून ओलसर आहेत तोवर तेल, वर मोजे. ब्लेडने कातडी मुळीच कापू नये. तेल कोणतंही चालेल. आपल्याकडे करडई पिकते, तिचं घ्यावं. भेगेवर कोकमाचं तेल वितळवून लावणारे जुने लोक शहाणेच होते.

*

मधुमेह जुना असेल तर भेग अनेकदा दुखतच नाही, आणि भीती तिथेच आहे. शेकोटीचा चटका बसलेलाही कळत नाही. तळपाय रोज रात्री आरसा धरून बघावेत, स्वतःला दिसत नसेल तर घरातल्या कुणाला दाखवावेत. पाण्यात पाय घालण्याआधी ते पाणी दुसऱ्या कुणाच्या हाताने पाहून घ्यावं. अशा पायावर घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत.

*

पायांबद्दल एवढं लिहिलं, पण धुणीभांडी करणाऱ्या बायकांचे हातही याच दिवसांत उलतात. पहाटेचं टाकीचं पाणी, साबण, राख, आणि मग पुढचं घर. ज्यांच्याकडे बाई कामाला येते त्यांनी मार्गशीर्ष-पौषात तिला कोमट पाणी काढून द्यावं, हात पुसायला कोरडा पंचा द्यावा आणि तेलाची बाटली मोरीच्या कठड्यावरच ठेवावी.