नाव देण्यापूर्वी

आपल्या भाषेत नाव देणे ही एक गोष्ट आणि नावे ठेवणे ही दुसरी. दोहोंत अंतर फार नाही; पण पहिलीची तसदी न घेता दुसरीकडे धाव घेण्याची माणसाला मोठी हौस. वर्गात शब्दांचे अर्थ सांगताना हे मी अनेकदा बोललो असेन. त्याचा प्रत्यय मात्र आला तो न्यू जर्सीत, धाकट्या भावाच्या दिवाणखान्यातल्या एका काचेच्या पेटीपाशी.

पेटी कसली, घरात आणून ठेवलेला समुद्रच तो! पाऊणशे गॅलन खारे पाणी, सच्छिद्र खडक, हौसेने वाढवलेली पोवळी आणि चार-सहा रंगीत मासे. पोवळ्यांवर माझ्या पुतणीचा विशेष जीव. खाऊचे पैसे साठवून तिने एकेक फांदी आणलेली.

एका रात्री पेटीतला एक मासा नाहीसा झाला, आणि त्याच्या अवशेषांशी गोमेसारखे काहीतरी लगट करताना भावाने पाहिले. दिवा लावताच ते खडकात गडप! भावजयीने तत्काळ निकाल दिला, "किडे झालेत. सगळे खडक गोड्या पाण्यात बुडवून काढा." तसे केले असते तर किड्यांबरोबर पोवळीही गेली असती. मुलीचा चेहरा उतरला.

भीती अगदीच अनाठायी नव्हती. इंग्लंडात न्यूक्वे येथील एका मत्स्यालयात २००९ साली पोवळी रातोरात तुटू लागली. शेवटी एकेक खडक उपसला, तेव्हा सुमारे चार फूट लांबीचा किडा हाती लागला. युनिस ॲफ्रोडिटॉइस हे त्याचे शास्त्रीय नाव. वाळूत दडून बसायचे आणि जवळून जाणारा मासा जबड्याच्या कात्रीत पकडायचा, हा त्याचा धंदा. जपानात तर या जातीचा जवळजवळ तीन मीटर लांबीचा किडा सापडला आहे.

तेव्हा आरोपी कोण, हे आधी ठरवणे भाग होते. परदेशात माझी झोप उलटीपालटी झालेली. रात्रीचा पहारा ओघानेच माझ्याकडे आला. यातल्या पुष्कळ किड्यांना तांबडा उजेड फारसा जाणवत नाही, म्हणून विजेरीला तांबडा कागद गुंडाळला. प्लॅस्टिकच्या बाटलीला भोके पाडून आत कोळंबीचा तुकडा ठेवला आणि ती वाळूवर आडवी केली. सकाळी तीन पाहुणे आत!

हातमोजे घालून ते ताटलीत काढले. त्यांचे केस अंगात मोडले की निवडुंगाच्या कुसळांसारखे सलतात. पुतणीने भिंग धरले. युनिसच्या डोक्यावर पाच शिंगे असतात. अंगावर इंद्रधनुष्यी चकाकी असते. इथे दोन्हींचा पत्ता नव्हता. पोवळी कुरतडणारा अग्निकृमी जाड असतो, त्याच्या पांढऱ्या केसांच्या झुपक्यांशी तांबूस कल्ले असतात. हे तर बारीक, गुलाबीसर, दोन्ही कडांना पांढऱ्या केसांची झालर. म्हणजे साधे केसाळ समुद्रकिडे, आपल्या गांडुळाचे खारे भाऊबंद. खडकाच्या छिद्रांत बसून ते बिनभाड्याने घरात आलेले.

धडधाकट मासा पकडण्याची ताकदच त्यांच्यात नसते. मेलेला मासा, उरलेसुरले अन्न हाच त्यांचा आहार. ते सडत पडले तर पाण्यात अमोनिया वाढतो आणि पोवळ्यांच्या जिवावर बेतते. म्हणजे ज्यांना आम्ही मारेकरी समजत होतो, ते मर्तिकाला आलेले निघाले! प्रेताजवळ दिसला तो खुनी, हा न्याय किती सोपा, आणि किती घरांत, किती गावांत तो रोज चालतो.

संख्या वाढली होती तिचे कारणही पाण्याबाहेर सापडले. भाऊ माशांना पाहुण्यासारखा आग्रह करकरून वाढत असे. वाढप निम्म्यावर आले, तशी महिन्याभरात रात्रीची वर्दळही उतरली. खडक जागेवर राहिले, पोवळीही राहिली.

तिन्ही किडे पेटीत परत सोडताना पुतणीने विचारले, "काका, यांना मराठीत काय म्हणायचं?"

"कुसळी म्हणू या," मी म्हटले.

एवढे पाहिल्यावर नाव द्यायला हरकत नव्हती.