माळ्यावरचा सेलेरॉन

चंदगडात पाऊस लागला की बाजारपेठ अर्धी मिटलेलीच असते. अशाच एका आषाढी दुपारी, पेढीवर गिऱ्हाईक नसताना, अभियांत्रिकीच्या सुट्टीत घरी आलेल्या मुलाने माळ्यावरचा जुना संगणक खाली उतरविला. आजोबांनी वह्या मिटून टॅलीवर हिशेब मांडला तो याच यंत्रावर. मुलाला मात्र त्यात वेगळेच धन दिसले. आत इंटेलचा सेलेरॉन ३००ए होता आणि ४४०बीएक्स संचाचा मदरबोर्ड.

१९९८ साली आलेल्या या प्रोसेसरचा छापील वेग ३०० मेगाहर्ट्झ. बसचा वेग ६६, गुणक साडेचार, असा तो गुणाकार. गुणक कारखान्यातच पक्का केलेला. पण मदरबोर्डवरील जंपर हलवून बस १०० वर नेली की तोच प्रोसेसर ४५० वर धावे. त्या वेळच्या महागड्या पेंटियम टूचा वेगही तेवढाच होता. सगळेच नग तिथवर पोचत नसत, पण पुष्कळ पोचत. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. छापील आकडा ही निर्मात्याची हमी असते, आणि हमी देणारा शहाणा माणूस हातचे राखूनच बोलतो. ते राखलेले किती, हे मुलाला पाहायचे होते.

त्याने पंख्यातील धूळ काढली, वाळलेला उष्णतावाहक लेप पुसून नवा लावला, एखादा कपॅसिटर फुगला आहे का ते न्याहाळले. जंपरला हात घालणार तोच गादीवरून वडिलांनी विचारले, "आजोबांचा हिशेब आहे ना त्यात? आधी ती डिस्क बाहेर काढ."

"अण्णा, डिस्कचा याच्याशी काही संबंध नाही. वेग प्रोसेसरचा वाढतो."

"नसेल. तरी काढ."

नाइलाजाने त्याने डिस्क काढली आणि दुसरी, कामाचे काही नसलेली जोडली. एकदम १०० नको म्हणून बस ८३ वर ठेवली. यंत्र सुरू झाले, थोडा वेळ चाललेही. मग एकेक फाइल उघडेनाशी झाली. शेवटी डिस्कवरून संगणक चालूच होईना.

कारण शोधायला त्याला संध्याकाळ लागली. डिस्कची ये-जा ज्या पीसीआय मार्गाने होते, त्याचा ठरलेला वेग ३३. बस ६६ असता तो तिच्या निम्म्याने चालतो, १०० असता तिसऱ्या हिश्शाने. दोन्ही वेळा ३३ च. ८३ ला मात्र निम्माच हिस्सा राहतो आणि मार्ग ४१ च्या वर जातो. सावध वाटलेला मधला टप्पाच सर्वांत धोक्याचा होता. अण्णांना यातले काहीच ठाऊक नव्हते. त्यांना एवढेच ठाऊक होते, की प्रयोग करावा तो स्वतःच्या भांडवलावर. दुसऱ्याच्या ठेवीवर नव्हे.

दुसऱ्या दिवशी मुलाने १०० वेगाची रॅम बसविली आणि जंपर १०० वर नेला. पडद्यावर ४५० उमटले. पण सुरू होणे म्हणजे टिकणे नव्हे. वेग दीडपट झाला की उष्णताही जवळपास दीडपट होते. त्यात व्होल्टेज २.० वरून २.२ केले तर ती सुमारे १.८ पटींवर जाते. त्याने व्होल्टेजला हात लावला नाही. रात्रभर पाय या संख्येचे दशांश काढत ठेवले आणि सकाळी ते मूळ अंकांशी ताडून पाहिले. एकही अंक चुकला नव्हता.

"छान," अण्णा म्हणाले. "आता या वेगाचं काय करणार?"

मुलगा हसला. त्याने यंत्र बंद केले, जंपर पुन्हा ६६ वर आणला आणि आजोबांची डिस्क जोडली. जुनी टॅली सावकाश उघडली. अण्णांनी कपाटातून त्याच वर्षाची लाल वही काढली, कारण आजोबा पहिले वर्षभर दोन्हीकडे लिहीत असत. मुलगा पडद्यावरील शिल्लक वाचत गेला, अण्णा वहीत बोट ठेवून हुंकार देत गेले. बाहेर पाऊस कोसळत होता. वर्षअखेरची शिल्लक पैशासकट जुळली, तेव्हा अण्णांनी वही कपाळाला लावली आणि मुलाने डिस्कची पहिली प्रत काढायला घेतली.