महाविद्यालयाची ओळख शाळेतच व्हावी

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला. गुणपत्रिका चांगली होती, तरीही बी. ए.च्या पहिल्या वर्षी प्राध्यापक ‘इतिहासाची साधने’ म्हणत, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तिफण आणि वखर उभे राहत. संदर्भग्रंथ कसा पाहावा, टिपण कसे काढावे, हे ठाऊक नव्हते. बुद्धीची उणीव नव्हती, ओळखीची होती. त्या अनोळखीपणापायी माझ्यासोबतचे काही जण शिक्षण सोडून गावी परतले.

म्हणूनच नववी-दहावीच्या मुलांना पदवीच्या तोडीचा थोडा अभ्यास शाळेतच मिळावा, असे मी मानत आलो. महाडचे उदाहरण घ्या. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला, एवढे पाठ केले की गुण मिळतात. रात्रीच्या अभ्यासिकेत आम्ही त्यापुढे जातो. सीताराम केशव बोले यांचा मुंबई कायदेमंडळातील १९२३ चा ठराव, महाड नगरपालिकेचा १९२४ चा ठराव आणि उच्च न्यायालयाचा १९३७ चा निकाल एकापुढे एक मांडतो आणि विचारतो: तळे ठरावाने खुले झाले होते, तर सत्याग्रह का करावा लागला? एकदा ऊसतोड कामगाराची मुलगी उठून म्हणाली, “सर, ठराव दप्तरात होता अन् पाणी तळ्यात.” ज्या मुलीला असा विचार करता येतो, तिला पुढे कोणत्याही महाविद्यालयाचे भय वाटणार नाही.

लातूरने सरावाचे सामर्थ्य साऱ्या महाराष्ट्राला दाखविले; त्याचे मोल मी जाणतो. परंतु आठवीपासून प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीला बसविणे निराळे आणि उच्च शिक्षणाची रीत शिकविणे निराळे. पहिल्यात उत्तर लवकर सापडते, दुसऱ्यात प्रश्न सापडतो. आपल्या मुलांना दोन्ही हवे.

२०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने शालेय अभ्यासालाही श्रेयांकांच्या मोजणीत आणले आहे: वर्षाचे १२०० तास, ४० श्रेयांक. २०१७ पासून ‘स्वयम्’वर महाविद्यालयीन अभ्यासक्रम विनामूल्य पाहता येतात. तथापि श्रेयांक पदरात पडेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले. त्याआधीच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी त्यांना शाळेच्या पुस्तकांपलीकडचे ग्रंथ वाचावयास देत होते. एका विद्यार्थ्याला वेळेवर मिळालेल्या ग्रंथांनी काय घडते, हे आपण जाणतोच.

माजी विद्यार्थी बंधुभगिनींनो, आपल्यापैकी कुणी नांदेडच्या विद्यापीठात आहे, कुणी लातूरच्या महाविद्यालयात. महिन्यातील एक रविवार या वसतिगृहाला द्या. येताना आपल्या विषयाचे एक पुस्तक आणा आणि मुलांना त्यातील एक प्रश्न विचारा. पालकांनाही विनंती, मूल परीक्षेत न येणारे काही वाचताना दिसले, तर त्याला अडवू नका. ते पुढच्या वाटेची तयारी करीत असते.

जयभीम!