नांगर विकणारे मास्तर

सांगलीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने उद्योजकता सप्ताहात व्याख्यान द्यायला बोलावले, तेव्हा साताऱ्याहून निघतानाच आम्ही दोघे मराठीचे प्राध्यापक बिचकलो होतो. एक तारखेच्या पगारावर निर्धास्त जगणाऱ्यांनी जोखमीवर काय बोलावे? म्हणून विषय घेतला तो आपल्याच परिसरातला.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत शिकवीत. बढती डावलली गेली, तशी नोकरी सोडून ते बेळगावी आले. लोखंडी नांगर घडवला, तर लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात. पुढे १९१० साली औंध संस्थानातल्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ‘किर्लोस्कर’ मासिकावर आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो. पण १९२० मध्ये ते ‘किर्लोस्कर खबर’ या नावाने, कारखान्याचे वार्तापत्र म्हणून निघाले, हे मात्र तळटीपेत ढकलत आलो. नांगर वगळून मासिक वाचण्याची ही आमची जुनी खोड!

१९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापणारे कर्मवीर भाऊराव पाटील यांनीही किर्लोस्करांचे नांगर गावोगाव फिरून विकले होते, हे सांगत होतो, तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, तुम्ही स्वतः कधी काही विकलंय का?”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी एकदा जाहिराती मागायला बाजारपेठेत गेलो होतो. तिसऱ्या दुकानाच्या पायरीवरूनच परतलो. तेच सांगितले. वर्ग हसला, आणि मग पहिल्यांदाच कान देऊन ऐकू लागला.