मामा तलाव

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रांतांत मामा तलाव कोणास ठाऊक नाहींत? कोणाच्या मामाचा येथें संबंध नाहीं. 'माजी मालगुजारी' या शब्दांचीं तीं आद्याक्षरें होत. जुन्या काळीं उतार पाहून मातीच्या पाळी घातल्या गेल्या व त्यांवर भातशेती पिकली. १९५१ सालीं मालगुजारी गेली, आणि तलाव सरकारचे झाले.

तीन वर्षांपूर्वीं नागभीड तालुक्यांतील अशाच एका तलावावर आम्ही मुलांस घेऊन श्रमदानास गेलों. काठची बेशरम उपटली, तें ठीकच झालें. परंतु उत्साहाच्या भरांत मुलांनीं, खरें सांगावयाचें तर आमच्याच आज्ञेवरून, पाण्याखालच्या साऱ्या वनस्पती व कडेचें देवधानही ओढून काढलें. पाणी आरशासारखें दिसूं लागलें. आम्ही मुलांची पाठ थोपटली.

इतक्यांत डोईवर टोपली घेतलेली एक वृद्ध ढिवर बाई पाळीवर थबकली व म्हणाली, "मास्तर, कचरा नाही, माशांचं घर काढलं तुमी."

आम्ही पदवीधर; पण उत्तर सुचलें नाहीं.

पुढें वाचतां-विचारतां तिचें म्हणणें उमगलें. मरळ कडेच्या वनस्पतींत घरटें करून अंडीं घालते व पिलांची राखणही करिते. देवधानाच्या दाण्यांवर पांखरें जगतात. रोहू व कतला यांची वीण वाहत्या पाण्यांत होते, बंद तळ्यांत होत नाहीं. म्हणून त्यांचें बीज दरसाल विकत आणावें लागतें. मरळीस तें लागत नाहीं, तिला झुडूप लागतें. तेंच आम्ही उपटलें होतें.

आमच्याच रेल्वेमार्गावर, गोंदिया जिल्ह्यांतील अर्जुनी मोरगांवच्या बाजूस, भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानें ढिवर मंडळींच्या सोबतीनें याच्या उलट काम केलें आहे: उन्हाळ्यांत तलावाची कोरडी जमीन नांगरावयाची, आणि पावसाच्या आरंभीं तेथें स्थानिक जलवनस्पती लावावयाच्या.

गेल्या मृगांत आम्ही पुन्हां त्या तलावावर गेलों. या खेपेस बाई पुढें व आम्ही मागें. शेजारच्या तलावांतून ओल्या गोणपाटांत गुंडाळून आणलेलीं रोपें मुलांनीं चिखलांत लाविलीं. कोणतें कोठें, हें बाई सांगत होत्या व आम्ही वहींत टिपून घेत होतों. मरळ अद्याप दृष्टीस पडली नाहीं. बेशरम मात्र पुन्हां फुटली आहे. तिच्यासाठीं दिवाळीनंतर जावयाचें आहे.